तिसऱ्या खांबाची जागा

विन्याने मला फसवलं. हे आधीच स्पष्ट सांगून ठेवतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, शेजारच्या बिऱ्हाडातला तोही अकराचाच. पुण्यात रविवार पेठेतल्या आमच्या इमारतीला दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला लाकडी गॅलरी होती, आणि त्या गॅलरीतल्या तिसऱ्या खांबाजवळची जागा माझी होती. आम्ही दौंडला निघालो त्या सकाळी मी ती विन्याच्या हवाली केली. दिली नाही; सांभाळायला ठेवली. अट एकच : दोन महिन्यांनी मी आलो की मुकाट्याने उठायचं. विन्याने आईची शपथ घेतली. त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली.

गेल्या सोमवारी त्याचा फोन आला.

"लेका, तुझी जागा मोकळी झालीय."

मी तेव्हा एका दाराच्या चौकटीला वाळवी नाही हे गिऱ्हाइकाला पटवत होतो. चौकट हातातून सुटली.

विन्या पुण्यातच राहिला, त्याच पत्त्यावर. जुनी इमारत पडली, तिथे सहा मजली नवी उभी राहिली, आणि हा तिचा चेअरमन झाला. दुसऱ्या मजल्यावरचा पुढचा फ्लॅट विकायला निघाला होता. "तुझ्या गॅलरीची जी जागा, बरोब्बर तिथेच," विन्या म्हणाला. "शनिवारपर्यंत मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. आयुष्यभर धूळ खाल्लीस, आता परत ये."

"बघू," मी म्हणालो.

मी प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतो. तो माझ्या धंद्याचा पाया आहे. भांडगावजवळ हायवेच्या कडेला माझं आवार आहे. पुण्यातली जुनी घरं पडली की त्यांची दारं, खिडक्या, तुळया, कठडे माझ्याकडे येतात. आणि शिरूर-दौंडचे बागायतदार बंगल्याला आणि गोठ्याला तो माल घेऊन जातात. एखाद्या पेठेतल्या देवघराचं दार आज मांडवगण फराट्याच्या गोठ्याला लागलंय आणि त्यातून जर्सी गाय तोंड काढते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दौंडच्या फलाटावर पेरू विकण्यापासून मी इथवर आलो ते एका नियमावर : जो माल आवडला त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्या शेजारच्याकडे बघायचं, नाक मुरडायचं, आणि निघताना सहज विचारायचं. या नियमाने मला चांगले दिवस दाखवले. नुकसान काय केलं ते पुढे सांगतो.

या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, एक खांब आडवा पडलेला आहे. सहा वर्षांपूर्वी एका लॉटमध्ये तो आला. टेम्पोतून उतरवताना मी हमालांवर नेहमीसारखा ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता गप्प झालो. खांबाच्या कमरेला सोड्याच्या बाटलीच्या बुचाचा गोल ठसा होता, मधोमध खिळ्याचं भोक. ते बूच मी ठोकलेलं. मालकीची खूण म्हणून. त्याच्या वर बोटभर खोल खाच होती, संक्रांतीला पतंगाचा मांजा घासून घासून पडलेली. आणि खाली एका अंगाला मोठा काळा डाग, करपल्यासारखा. तो डाग माझ्या वेळचा नव्हता. मी तिथेच ठरवलं, हे विन्याचं काम. दिवाळीत फटाका लावला असणार. परक्याची वस्तू सांभाळायला घेतली आणि जाळली.

खांब विकायचा नाही असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी फक्त भाव सांगतो. एका रिसॉर्टवाल्याने तो भावही कबूल केला, तेव्हा मी म्हणालो, तो सकाळचा भाव होता. तो पाया पडायच्या बेतात आला आणि शेवटी शिव्या देऊन गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

बुचाच्या ठशावर अंगठा ठेवला की मला अजूनही हिंगाचा वास येतो. आमच्या इमारतीखाली हिंगाचं दुकान होतं, आणि त्याच्यामुळे आख्ख्या जिन्याला कायम फोडणीचा वास. घरात स्वयंपाक नसला तरी जिना चढताना पोट फसायचं. उन्हाळ्यात समोरचे दोरखंडवाले काथ्याच्या गुंडाळ्यांवर पाणी शिंपडायचे. तो ओला, खारट वास दुपारभर वर यायचा, आणि मी समुद्र न पाहताच समुद्राचा वास असाच असणार असं ठरवून टाकलं होतं. श्रावणात कल्हईवाला कोपऱ्यावर भाता मांडायचा. नवसागराचा पांढरा धूर गॅलरीपर्यंत चढला की आई आतून ओरडायची, "तोंड आत घे!" तोंड आत घेतलं तर काळं पातेलं एका फटक्यात चांदीसारखं होतं तो क्षण हुकायचा. मी कधीच आत घेतलं नाही.

आणि बँडवाले. हिंगाच्या दुकानाशेजारी लग्नाच्या बँडचं दुकान होतं. तिथला एक पिपाणीवाला दुपारी सराव करायचा. एकच गाणं, तेही अर्धं. चढावर चढत जायचा, चढत जायचा, आणि ऐन शिखरावर दम लागून खोकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षं मी ते गाणं ऐकलं, पण खोकल्याच्या पुढे ते कसं जातं हे मला माहीत नव्हतं. पुढे माझं लग्न मांडवगणला लागलं, तेव्हा वरातीत तिथल्या बँडने नेमकं तेच धरलं. मी घोड्यावर, मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला करून, श्वास रोखून ऐकत राहिलो. वाजवणाऱ्याने ते शेवटपर्यंत नेलं. शेवट अगदीच सामान्य निघाला. खोकला बरा होता.

तर असं सगळं सोडून आम्ही दौंडला आलो. का आलो, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मोठेपणी मी विचारलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले होते, "दोन महिने जायचंय." मी दोन शर्ट न घालता बाजूला ठेवले, पुण्याला परतताना घालायचे म्हणून. दौंडात कोळशाची भुकटी होती, इंजिनांचे उसासे होते, घराच्या भिंतीला टेकलं की पाठीला कळायचं मालगाडी चाललीय. रोज संध्याकाळी मी फलाटावर जाऊन पुण्याची गाडी सुटताना बघायचो. ती बरोबर सुटतेय ना, याची जबाबदारी माझ्यावर असल्यासारखा. दोन महिने झाले. दादांना विचारलं. "दोन महिने," ते म्हणाले. आणखी दोन झाले. पुन्हा तेच. दिवाळीला आईने ते शर्ट काढले तर बाह्या कोपरापर्यंतच आल्या. एकाची पिशवी झाली. त्याच पिशवीत मी पुढे पेरू विकले.

विन्याच्या फोनचं मी मंगलला, म्हणजे बायकोला, सांगणार नव्हतो. पण चौकट पडल्याचा आवाज ऐकून ती आधीच बाहेर आली होती.

"कुणाचा फोन?"

"कुणाचा न्हाई."

"कुणाचा न्हाई तर चौकट का टाकली? बत्तीस वर्सांत तुमच्या हातून लाकूड पडल्यालं म्या पायलं न्हाई."

सांगावं लागलं. मला वाटलं ती उड्या मारेल. कारण मंगलला पुण्याचं वेड. लग्नाआधी तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "पावनं, मूळचं कुठलं?" मी छाती काढून म्हणालो होतो, पुण्याचे. दौंडात तात्पुरते आहोत. दोन वर्षांत पुण्याला जाणार. त्या जोरावर मुलगी मिळाली. बत्तीस वर्षं दर दिवाळीला तिने विचारलं, "झाली का दोन वर्सं?" आणि दर दिवाळीला मी म्हणालो, बघू.

पण तिने उड्या मारल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तुमच्या मनात काय हाय?"

"आधी माल बघू."

बुधवारी पिकअप काढून निघालो. यवत गेलं, उरुळी गेली, लोणीपासून गाड्यांची रांग लागली. वाटेत मी तिला तालीम दिली. फ्लॅट आवडला तरी तोंडावर दाखवायचं नाही. तो विन्या पक्का पुण्याचा, नजर वाचतो. बोलायचं ते पदराखाली.

पदराखालचं सांगायला हवं. मंगलचे वडील बैलांचे हेडी. बाजाराबाजाराने बैल घ्यायचे-विकायचे. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हात मिळवतात, वर उपरणं टाकतात, आणि खाली बोटं दाबून सौदा चालतो. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. मंगल बापाच्या मागे बाजार फिरलेली. आवारात गिऱ्हाईक समोर असलं की ती माझ्याजवळ येऊन उभी राहते, पदर माझ्या मनगटावर येतो. चार बोटं दाबली की घ्या. एक बोट म्हणजे जरा ताणा. मूठ म्हणजे उठा, सोडा. तिची मूठ आजवर चुकलेली नाही. एकदा मी न ऐकता एक आख्खा जिना घेतला. तो अजून आवारात उभा आहे, कुठेच जात नाही.

रविवार पेठेत गाडी लावायला अर्धा तास गेला. लावली तेव्हा इतकी लांब लावली की मंगल म्हणाली, "भांडगावातच लावून चालत आलो असतो." हिंगाचं दुकान होतं तिथे मोबाइलची कव्हरं टांगली होती. बँडच्या जागी एटीएम. इमारतीत शिरल्यावर मी लिफ्टकडे न जाता जिन्याकडे गेलो आणि पहिल्याच पायरीवर उभा राहून नाकाने जोरात श्वास ओढला. काही नाही. फिनेल. पुन्हा ओढला. वॉचमन उठून आला. "अंकल, गैस लीक है क्या?"

"पैले इधर हिंग का वास आता था."

"हमारे टाइम में नहीं आता," तो म्हणाला. त्याचा टाइम म्हणजे तीन महिने होते.

वरून आवाज आला, "अरे, लिफ्ट आहे लेका!" विन्या. केस पांढरे, पण कान तेच, सुपासारखे. त्याने मला मिठी मारली. मी मारली नाही. सौदा व्हायचा होता.

फ्लॅट चांगला होता. म्हणून मी लगेच नळाला नाव ठेवलं. फरशी निसरडी म्हणालो. भिंतीवर टिचकी मारून पोकळ म्हणालो. मोरीचं दार उघडून बंद करून म्हणालो, "हे लाकूड नाही, हा पुठ्ठा आहे."

"मी बिल्डर नाही रे," विन्या म्हणाला. "माझ्याशी काय घासाघीस करतोस? वहिनी, हा घरीही असाच का?"

"घरी बरं हायती," मंगल म्हणाली. "हितं लाजत्यात."

मग मी पुढच्या खोलीत गेलो. जिथे गॅलरी असायला हवी तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच होती. काचेपलीकडे रस्ता होता, माझाच. हातगाड्या, स्कूटर, डोक्यावर पेटारा घेतलेला एक माणूस. सगळे हलत होते आणि कुणाचाच आवाज येत नव्हता. मासे बघावेत तसं. मी काच सरकवायला गेलो. "ती फिक्स आहे," विन्या म्हणाला. "आवाज नको, धूळ नको. वरच्या बाजूला एसी."

मी तिसरा खांब कुठे येईल ते पावलांनी मोजलं. भिंतीपासून सात पावलं, लहानपणची. आता चार भरली. तिथे उभा राहिलो. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तो फ्लॅट इतका हवा होता, की मी त्याच्याकडे पाठ करून छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

मंगल जवळ आली. पदर माझ्या मनगटावर पडला. बत्तीस वर्षं वाट पाहिलेली बाई. चार बोटं येणार हे मी धरूनच चाललो होतो. घेणार म्हणून तोंडही उघडलं होतं.

आली ती मूठ. घट्ट. एकदा, आणि मी दचकलो म्हणून पुन्हा एकदा.

माझं डोकं फिरलं. मंगलवर विन्यासमोर ओरडता येईना, म्हणून मी विन्यावर ओरडलो. "तू माझी जागा ढापलीस! दोन महिन्यांच्या बोलीवर दिली होती. सेहेचाळीस वर्षं बसलास तिथे. वर खांब जाळलास, काळा डाग आहे त्याला. आता त्याच जागेचा सौदा मलाच करतोस? आईची शपथ घेतली होतीस!"

विन्या बघतच राहिला. "कुठली जागा?"

"तिसरा खांब!"

"अरे," तो हळूच म्हणाला, "मी तिथे आठच दिवस बसलो. नवव्या दिवशी आईने तिथे बंब ठेवला."

"बंब?"

"अंघोळीच्या पाण्याचा. पत्रे मारून घेतले आणि मोरी केली. मी रडलो, म्हणालो तो येणार आहे. आई म्हणाली, नाही येणार. तुझे दादा निघताना तिला सांगून गेले होते. 'आमचं आता येणं होत नाही, वहिनी. पोराला एवढ्यात सांगू नका. जागा तुम्ही वापरा.' तो डाग बंबाचा आहे. रोज सकाळी पेटायचा. इमारत पडेपर्यंत."

मंगलने पाणी मागितलं. विन्याने दिलं. मग मीही प्यालो.

परत येताना यवतच्या पुढे मी म्हणालो, "मूठ का दाबली?"

"तुमी आधी सांगा. फ्लॅट पायजे का न्हाई?"

"तू मूठ भाव उतरवायला दाबलीस का?"

"अवो, मी तुमची बायकू हाय, हेडी न्हाई!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी ब्रेक मारला. "बत्तीस वर्सं बघतीया. काय आवडलं म्हंजी तिकडं पाठ करायची. माज्या बापाच्या घरी मला बघायला आलता, तवा समदा येळ म्हशीकडं बघत हुता. माज्या आयेला वाटलं म्हसच पसंत पडली."

"म्हैस चांगली होती."

"त्या घरात पाठ करून पंख्याकडं बघत हुता, तवाच मला कळलं. तुमास्नी पायजे. पन काय पायजे? ती काच? आत बसलं तर कावळ्याचं वरडणं ऐकू येत न्हाई. तुमी दोन दिवसांत त्या वाचमनशी भांडून घरी याल, आन् मी तितं एकली त्या काचंपाशी. आन् मला पुण्याला न्यायचं व्हतं ते तवा. दोन वर्सांत म्हनला व्हता. तवा माज्या अंगात हौस हुती. आता माज्या शेळ्या हितं, बचत गट हितं, बाया हितं."

"मग दर दिवाळीला विचारायचीस कशाला?"

"तुमी काय बोलताय ते बघाया."

मी गाडी कडेला घेतली. हायवेला ट्रक जात होते, उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, आणि मला पहिल्यांदा हिशेब नीट लागला. दादा मला म्हणाले दोन महिने. मी हिला म्हणालो दोन वर्षं. आमच्या घराण्यात खोटं बोलण्याचं मापसुद्धा एकच.

"मला फ्लॅट नको," मी म्हणालो. कुणाकडेही पाठ न करता बोललो. सवय नसल्यामुळे आवाज चिरका आला. "मला ती जागा पाहिजे."

"मग येवडं पुण्याला कशाला ग्येलो?" मंगल म्हणाली. "ती तर शेडात आडवी पडलीया."

गुरुवारी आम्ही खांब उभा केला. घराच्या ओट्याला, हायवेच्या अंगाला, बूच ठोकलेली बाजू रस्त्याकडे. तो न खपणारा जिना फोडून त्याचा कठडा केला. हमालांवर मी भरपूर ओरडलो. संध्याकाळी तिथे लहानपणीसारखे पाय बाहेर सोडून बसायला गेलो तर गुडघे कठड्यात शिरेनात. मंगलने खुर्ची आणून दिली. समोरून कांद्याचे टेम्पो जातात, दौंडचे वऱ्हाडी जातात, कधी बँडची गाडी जाते आणि त्यातला एखादा उगाच पिपाणी फुंकतो. दिवेलागणीला मंगल आत फोडणी देते, तेव्हा डब्यातलं हिंग मी तिला थोडं जास्त टाकायला सांगतो. ती टाकत नाही. शेळ्या कठड्यातून तोंड काढून माझा शर्ट चावतात.

शनिवारी मी विन्याला फोन केला. फ्लॅट दुसऱ्याला दाखव, म्हणालो. तो म्हणाला, "राग गेला ना लेका?"

तर ते इथे जाहीर लिहून ठेवतो, म्हणजे त्यालाही वाचता येईल. नाही गेला. तू ती जागा ढापली असतीस, पाय सोडून इमारत पडेपर्यंत तिथे बसला असतास, तर मी तुला माफ केलं असतं. मी दौंडच्या फलाटावर पेरू घेऊन उभा असताना रोज मनाची समजूत घालायचो, की कुणीतरी तिथे बसलंय, बघतंय. कल्हईवाल्याचं पातेलं पांढरं होताना कुणीतरी बघतंय. त्या पिपाणीवाल्याला कधीतरी एकदा खोकला आला नसेल, त्या दुपारी गाणं पुढे गेलं असेल, आणि ते कुणीतरी त्या खांबाला टेकून ऐकलं असेल. आणि तिथे कोण होतं? बंब. पत्र्याच्या आत, रस्त्याकडे पाठ करून.

दादा गेले, तुझी आईही गेली. उरलास तू. शपथ तू घेतली होतीस. तेव्हा ओट्यावर दुसरी खुर्ची मांडून ठेवली आहे. भांडगावला ये, खांबाला टेक, आणि मला तोंडावर उत्तर दे : त्या जागेवरून एवढी वर्षं जो रस्ता कुणीच पाहिला नाही, त्याचं काय?